मुइरिनची होडी

मित्रांनो, मी एक जुनी होडी आहे, आणि खरे सांगायचे तर जन्मापासून भित्री आहे. आयर्लंडच्या पश्चिमेला समुद्रात आमचे बेट आहे. तिथे बार्टलीने मला बांधले. लाकडाच्या बारीक बरगड्या, त्यांवर ताणलेले जाड कापड आणि वरून डांबर, एवढेच माझे अंग. खिळ्यांचे बूट घालून कोणी आत उतरले की माझा जीव खालीवर होई.

तरी मी पुष्कळ राबले. बांगडे आणले, चुलीचे जळण वाहिले, एकदा पाय बांधलेले वासरूही नेले. बार्टलीची होडी बदकासारखी तरंगते, असे लोक म्हणत. ऐकून बरे वाटे, पण भीती जात नसे.

एका सकाळी बार्टलीची बायको सोरखा बाळंतपणात अडली. सुईण समोरच्या किनाऱ्यावर राहत असे. बार्टली आणि त्याचा भाऊ टाइग वल्ह्यांवर बसले. सोरखाजवळ तिची सासू, नेली, बसली. तिने माझ्या पुढच्या टोकावर चर्चमधले पवित्र पाणी शिंपडले आणि आम्ही निघालो.

अर्ध्या वाटेत धुके उतरले. वल्ह्याचे टोकही दिसेना. जवळच कुठेतरी लाटा खडकांवर फुटत होत्या, पण आवाज कुठून येतो ते उमगेना. एक खडक लागला असता, तर मी टराटरा फाटले असते. पोहता कोणालाच येत नव्हते.

"वल्ही थांबवा," नेली म्हणाली. "मूल येतंय."

"आई, इथे?"

"मग काय, त्याला थांब म्हणून सांगू?"

मूल माझ्या तळाशी, बार्टलीच्या कोटावर जन्मले. मुलगी होती, पण रडेना. नेलीने तिच्या पाठीवर चापट्या मारल्या. काहीच नाही. मी भीतीने गारठून गेले. मग एकदम ती बारीक, रागीट आवाजात रडू लागली.

तेवढ्यात धुक्यातून हाक आली, "कोण आहे रे तिकडे? पुढे खडक आहेत. माझ्या आवाजाकडे या!"

किनाऱ्यावर शेवाळ गोळा करणाऱ्या एका माणसाने ते रडणे ऐकले होते. तो हाका मारत राहिला आणि त्या हाकांच्या मागे आम्ही किनाऱ्याला लागलो. मुलीचे नाव मुइरिन ठेवले.

पुढल्या वर्षी तिला घेऊन आईबाप अमेरिकेला गेले. मी टाइगकडे राहिले. त्याच्या मुलाने, फेलिमने, इंजिनाची बोट घेतली आणि मला पडवीत उपडी टाकले. माझ्याखाली कोंबड्या अंडी घालू लागल्या. कापडाला भेगा पडल्या.

गेल्या जूनमध्ये सेंट जॉनच्या सणाला टेकडीवर जाळ करायचा होता. शेजाऱ्यांनी मला मागितले आणि फेलिम हो म्हणाला. फेलिमने आणि एका शेजाऱ्याने मला खांद्यावर घेतले. डांबर किती लवकर पेटते, हे मला ठाऊक होते. ओरडायला मला तोंड नव्हते.

वाटेत एक म्हातारी बाई समोरून आली. सोबत तिची नात होती. बार्टलीचे घर कोणते, असे तिने विचारले.

"ताई, ते घर मेंढ्यांनी कधीच बळकावलं," फेलिम म्हणाला. "आपण कोण?"

"त्यांची मुलगी, मुइरिन. माझा जन्म त्या घरातला."

फेलिमने मला हळूच गवतावर ठेवले.

"कुणी सांगितलं तुम्हाला? तुमचा जन्म हिच्यात झालाय. माझे वडील वल्ह्यावर होते."

"आई लवकर गेली," ती म्हणाली. "आणि वडील बेटाचं नावच काढत नसत."

फेलिमने सगळे सांगितले. ती वाकली आणि माझ्या कडेला हात लावून बसून राहिली.

"आजी, डांबर लागेल," नात म्हणाली.

"लागू दे."

संध्याकाळी माझ्याऐवजी कोंबड्यांचे मोडके खुराडे जळले. वाऱ्यावर ठिणग्या पडवीपर्यंत येत होत्या आणि मी थरथरत होते. अजूनही थरथरते. फेलिम आता खोकतो. त्याची मुले डब्लिनला असतात, त्यांना यातले काही माहीत नाही.

म्हणून सांगते, मित्रांनो, आपण कुठून आलो, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आजच विचारा. त्या दिवशी फेलिम बाजाराला गेला असता, तर मी राख झाले असते, आणि मुइरिन एका पडक्या भिंतीला हात लावून परत गेली असती.