चटईखालचे स्वस्तिक

चिन्ह पुरातन आहे म्हणून ते निरपराध ठरत नाही, आणि ज्याला त्या चिन्हाने पोळले त्याचे दुःख खरे आहे म्हणून ते प्रेमाने घडवणारा हात खोटा ठरत नाही. या दोन सत्यांच्या मधल्या अरुंद जागेत गुडघे टेकून फरशीवालीने पिशवीतून छिन्नी काढली आणि प्रसूतिगृहाच्या दारातल्या स्वस्तिकाच्या कडेला लावली.

ती हातोडी उचलणार तोच मागून आवाज आला.

"थांब गं. आधी मला टेकू दे. उभ्याने बघवायचं नाही मला हे."

मोठ्या सिस्टर होत्या. काखेत एक गुंडाळी, हातात कापडी पिशवी. निवृत्त झाल्या तरी सगळे त्यांना मोठ्या सिस्टरच म्हणत. भिंतीलगतच्या बाकावर त्या बसल्या. बाकाच्या दुसऱ्या टोकाला फरशीवालीचे वडील होते. दोन्ही हात काठीच्या मुठीवर, डोळ्यांत मोतीबिंदूचे धुके. या इमारतीची सगळी फरशी त्यांनी तरुणपणी बसवली होती. पांढऱ्या दगडात तांबडे तुकडे जडवून केलेले हे ताटाएवढे स्वस्तिकही त्यांचेच.

सिस्टर लहान असताना दंडावर हेच चिन्ह बांधलेली हुकूमशहाची माणसे त्यांच्या घरी आली होती. ती वडिलांना घेऊन गेली. वडील परतले नाहीत. पुढे या प्रसूतिगृहात नोकरी लागली तेव्हा पहिल्याच सकाळी सिस्टर दारात थबकल्या. दुसऱ्या दिवशी घरून एक जाड चटई घेऊन आल्या आणि चिन्हावर अंथरली. कुणी काही विचारले नाही, त्यांनी काही सांगितले नाही. नोकरीभर त्यांचे सकाळचे पहिले काम तेच राहिले. त्या गेल्यावर नव्या मंडळींनी चटई जुनाट म्हणून अडगळीत टाकली. चिन्ह उघडे पडले. एका बाळंतिणीची आई ते पाहून दारातच हमसून रडू लागली. शहरात अशा चिन्हांवर नुकतीच बंदी आली होती. डॉक्टरीणबाईंनी फरशीवालीला निरोप धाडला: काढून टाक.

"मी नाहीच म्हणणार होते," फरशीवाली म्हणाली. "बाबा म्हणाले, दुसरा कुणी येऊन घण घालील, त्यापेक्षा तू जा."

"शहाणे आहेत तुझे बाबा."

"पण सिस्टर, याचा अर्थ 'मंगल असो' एवढाच आहे हो. हजारो वर्षांपासून. चार नतद्रष्टांनी दंडावर बांधलं म्हणून..."

"अर्थ मला नको शिकवूस. तुला मीच ओढून बाहेर काढलीय. पायाळू होतीस. जगाच्या उलट चालायची खोड तेव्हापासूनची." सिस्टरांनी चष्मा पुसला. "मला दोन्ही अर्थ ठाऊक आहेत, बाळ. एक पोथीतला आणि एक आमच्या दारातला. पोथीतला जुना असेल, पण दारातला माझ्या आईने जन्मभर भोगला."

फरशीवालीने हातोडी बाजूला सारली. पण छिन्नी हातातच राहिली.

"रंग कसा आहे गं त्याचा?" वडिलांनी विचारले.

तिने ओल्या फडक्याने चिन्ह पुसले आणि ती पाहतच राहिली. भोवतालची फरशी येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पावलांनी झिजून खोलगट झाली होती, कोपरे उडाले होते. चिन्हाची मात्र कड न् कड शाबूत होती.

"कालच बसवल्यासारखं आहे, बाबा."

सिस्टर आपल्याच तळव्यांकडे पाहत म्हणाल्या,

"घ्या! ज्याचं तोंड बघायचं नव्हतं, त्यालाच मी जन्मभर पांघरूण घातलं."

वडील आधी संकोचले. पण सिस्टरच हसू लागल्या तेव्हा तेही हसले. हसण्याने दोघांच्या मधली बाकावरची जागा थोडी कमी झाली.

"कड खरवडून बघ," वडील लेकीला म्हणाले. "खाली सिमेंट आहे?"

छिन्नीच्या टोकाशी पांढरी भुकटी जमली. "नाही. चुना! बाकी सगळीकडे तर सिमेंट आहे."

"एवढं चुन्यावर बसवलं होतं. मुकादम केवढा ओरडला. सिमेंट एकदा धरलं की दगड फुटेल, पण सुटणार नाही. चुना सुटतो. घाई मात्र करायची नाही."

"म्हणजे हे काढावं लागेल, हे तुम्हाला तेव्हाच ठाऊक होतं?"

"छे गं! आमचे उस्ताद सांगायचे, दारात जे मनापासून बसवाल ते सैल हाताने बसवा. इमारती पडतात, दारं हलतात. चांगली गोष्ट दुसरीकडे नेता आली पाहिजे."

फरशीवालीने जाड छिन्नी ठेवून पातळ पाते घेतले आणि कडेचा चुना कोरू लागली. पात्याची बारीक करकर ऐकत दोन्ही म्हातारी माणसे बसून राहिली.

"एक विचारू?" सिस्टर म्हणाल्या. "बसवताना काय होतं तुमच्या मनात?"

वडिलांनी काठीची मूठ चाचपली. "आत जाते ती एकटी. बाहेर येताना दोघं सुखरूप यावीत. हात चालत होता, तोंडाने तेवढंच पुटपुटत होतो. मला कुठे मंत्र येतात?"

सिस्टर पिशवीचा बंद बोटाभोवती गुंडाळत राहिल्या.

"रोज चटई अंथरताना मीही तेच म्हणत असे," त्या हळूच म्हणाल्या. "जवळजवळ हेच शब्द."

चुना सुटला. फरशीवालीने पाते खाली सरकवले, दगड किंचित उचलला गेला.

"खालून हात दे, खालून! मान सांभाळ!" सिस्टर ओरडल्या, आणि आपण काय बोललो ते ध्यानी येऊन त्यांनी तोंडावर हात ठेवला.

अखंड दगड कापडावर आला. वडिलांनी वाकून त्यावरून बोटे फिरवली, चारही भुजांवरून, एकदाच. फरशीवालीने सिस्टरांकडे पाहिले.

"दारात नको," सिस्टर म्हणाल्या. "ती आई परत यायची आहे नातवंडाला बघायला. इथे येणाऱ्या बाईच्या काळजात आधीच पुरेशी धडधड असते. पण फोडायचाही नाही. तुमच्या घरी न्या. ज्याला बघावंसं वाटेल त्याने विचारून यावं. आणि येईल त्याला दोन्ही गोष्टी सांगा. तुमचीही, माझीही."

"तुमची आम्ही कशी सांगणार?"

"मी येईन की. चहा तर पाजाल?" त्या उठल्या आणि पुन्हा वळल्या. "आणि पालथा ठेवू नका हं. तोंडाला ओल लागेल."

रिकाम्या जागेत फरशीवालीने साधा पांढरा दगड बसवला. मसाला अजून ओलाच होता, तोच फाटकाशी गाडी थांबली. नवऱ्याच्या खांद्याचा आधार घेत एक तरुण बाई पायऱ्या चढू लागली. दर पायरीला थांबत होती.

"वाट करा!" आतून डॉक्टरीणबाईंचा आवाज आला.

फरशीवालीने ओल्या जागेवर घाईने आडवी फळी टाकली. सिस्टरांनी काखेतली गुंडाळी सोडली. तीच जाड चटई होती, अडगळीतून शोधून, धुऊन आणलेली. आता तिच्याखाली झाकण्यासारखे काही नव्हते. तरी त्यांनी ती फळीवर अंथरली आणि नेहमीच्या सवयीने तळहाताने सारखी केली.

नवरा दाराबाहेर थांबला आणि बाई चटईवरून आत गेली. बाकापाशी सिस्टरांचे ओठ हलले. बाकावर, न दिसणाऱ्या दाराकडे तोंड करून, वडिलांचेही.

आत गेली ती एकटी होती. दोघे सुखरूप बाहेर येवोत.