कॉलरचं टोक

शिडीवरून पडून शिंपीकाकांच्या पाठीचा कणा दुखावला, त्याला तीन महिने झाले. दोन्ही पाय निपचित. शिलाईचं पायमशीन शनिवारी धाकट्या बहिणीकडे जायचं ठरलं होतं, आणि खुर्चीत बसल्या बसल्या काकांच्या जिवाची नुसती तगमग चालली होती. मंगळवारी राहवेना, तेव्हा त्यांनी उजवा पाय हाताने उचलून पॅडलवर ठेवला.

पाय चालायला लागला. टकटक टकटक, चाकही हललं. काकूंनी डोळे पुसत फोन लावला. "वन्सं, मशीन राहू द्या. पाय चालला."

दुपारी काकांकडून व्यायाम करून घ्यायला फिजिओथेरपीच्या मॅडम आल्या. त्यांनी पाय पाहिला. "काका, आता थांबवून दाखवा."

काकांना घाम फुटला, पण पाय थांबेना.

"हे तुमच्या डोक्यातून येत नाहीये," मॅडम हळूच म्हणाल्या. "पंजा ताणला गेला की पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू परस्परच पाय हलवतो. एरवी मेंदू त्याला आवरतो. आता वरचा निरोप खाली पोचत नाही. थोडा जरी पोचला, तरी तुम्ही म्हणाल तेव्हा पाय थांबेल."

काकूंनी पुन्हा फोन केला. मशीन शनिवारीच जाणार.

मग काय, काकांची स्वतःच्याच पायाशी जुंपली. चहा गार व्हायचा, जेवण तसंच राहायचं. "थांब म्हणतो ना! चोर तो चोर, वर शिरजोर."

"अहो, हळू. शेजारी ऐकतात."

"ऐकू देत. ज्याने ऐकायचं तो ऐकत नाही."

शुक्रवारी संध्याकाळी ओरडून ओरडून घसा बसला. मशीनला शेवटचा हात लावावा म्हणून त्यांनी एक अर्धवट कॉलर सुईखाली घेतली आणि पाय पॅडलवर ठेवला. टाके वेडेवाकडे पडू लागले. काका पायाला विसरले, नजर कॉलरच्या टोकावर. चाळीस वर्षं तिथे आलं की पाय थांबवायचा, सुई कापडात रोवायची आणि कापड वळवायचं.

टोक आलं. पाय थांबला.

योगायोग असेल. त्यांनी कापड वळवलं, पाय उचलून पुन्हा टेकवला. टकटक सुरू झाली. दुसरं टोक आलं, एक टाका जास्त गेला, पण पाय थांबला.

"अगं, पाय थांबला!"

काकू स्वयंपाकघरातून धावत आल्या, तोंडचं पाणी पळालेलं. "अहो, आता तोही गेला?"

काकांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"तो नाही गं थांबला. मी थांबवला."