अकरावी हाक

मी फाईल बोलतेय. कपाटातली, फितीने बांधलेली नव्हे. रक्तपेढीच्या कॉम्प्युटरमधली, तीनशे ओळींची कॉन्फिगरेशन फाईल. शहरभरच्या दवाखान्यांतून "अमुक गटाचं रक्त आहे का?" अशी विचारणा येते. उत्तर देणारी वेब सर्व्हिस वेगळी, पण तिने वागायचं कसं, हे मी ठरवते. कुठल्या दाराने कोणाला आत घ्यायचं, एका वेळी किती जणांशी बोलायचं, सगळे नियम माझ्या पोटात.

मला लिहिलं एका शांत, काटकसरी प्रोग्रामरकाकांनी. तेव्हाचं मशीन अगदी तोळामासा प्रकृतीचं. म्हणून त्यांनी नियम घातला: एका वेळी दहाच हाका, म्हणजे विचारणा, घ्यायच्या, अकरावीने थांबायचं. पुढे काका निवृत्त झाले, दणकट मशीन आलं, सहा दवाखान्यांचे चाळीस झाले. माझा दहाचा आकडा मात्र तसाच. मला कोणी उघडेचना. "चालतंय ना? मग हात लावू नका," हे रक्तपेढीच्या साहेबांचं ठरलेलं वाक्य. मला त्या वाक्याचा मनापासून राग आहे.

एका सोमवारी सकाळी रक्तपेढीच्या ताईंचा फोन वाजला. पलीकडे एका दवाखान्यातली नर्स होती.

"ताई, बाळाला रक्त चढवायचंय. चौथ्यांदा विचारतेय, स्क्रीनवर नुसतं चक्र फिरतंय."

ताईंनी फ्रीज उघडून एकेक पिशवी डोळ्यांनी तपासली. "आहे, एकच आहे. माणूस पाठव, मी हातात घेऊन उभी राहते."

बाळ वाचलं. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं, कारण ती हाक मीच अडवली होती.

ताईंनी नव्या प्रोग्रामर मुलीला गाठलं. "हे असं फोनवर किती दिवस चालायचं?" मुलीने मला उघडलं आणि दहाचा आकडा पाहून कपाळाला हात लावला. शंभराचा नवा नियम लिहिला, त्याला नाव दिलं. तरी चक्र फिरतंच.

साहेब म्हणाले, "नवं मशीन घ्यावं लागणार."

"मशीन निवांत बसलंय, सर. मला आजची दुपार द्या."

तिने मला कागदावर छापलं आणि ओळीखाली पट्टी धरून वाचत गेली. डबा उघडलासुद्धा नाही. मी मनातल्या मनात ओरडत होते, अगं, खाली बघ! माझ्याकडे नुसता नियम लिहून भागत नाही. सर्व्हिसच्या ओळीत त्याचं नाव घालावं लागतं. नाहीतर तो पडून राहतो आणि मी चकार शब्द काढत नाही. स्वभावाला औषध नाही माझ्या. दोनशे बाराव्या ओळीवर पट्टी थांबली. सर्व्हिस अजून काकांचाच नियम पाळत होती. मुलीने तिथे नव्या नियमाचं नाव घातलं.

दुसऱ्या दिवशी फोन वाजला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. ताईंना चैन पडेना. त्यांनीच नर्सला फोन लावला.

"काय गं, रक्त लागलं नाही का?"

"लागलं की. सकाळीच नेलं."

आता मी थोडी लांबले आहे. काकांवर माझा राग नाही. त्यांनी त्यांच्या मशीनला जपलं. पण तुम्ही मला कधी उघडलंत, तर चालतंय म्हणून मिटू नका, शेवटपर्यंत वाचा. शंभराच्या आकड्याशेजारी त्या मुलीने माणसांसाठी एक टीप लिहून ठेवली आहे: "हा पुन्हा दहा करू नका. अकरावी हाक बाळाची होती."