महादेवीच्या कमरेचा पट्टा

मी पट्टा बोलतोय. काळ्या रबराचा, कमरेला आवळून बांधायचा. पोट कमी करतो म्हणून मला विकतात. ते खोटं आहे, हे आधीच सांगून टाकतो.

कुठल्या कारखान्यात जन्मलो ते माहीत नाही. आठवतं ते सात रस्ता चौकातलं दुकान. मी खोक्यात होतो. खोक्यावर सपाट पोटाच्या बाईचं चित्र आणि मागं बारीक इंग्रजी अक्षरं: उन्हात वापरू नका, मध्ये मध्ये पाणी प्या. एप्रिलमध्ये गुरुशांत आला. सातवीत शाळा सोडलेला. दुकानदार म्हणाला, "घाम म्हणजे वितळलेली चरबीच." त्याला ते पटलं. खोकं स्कूटरच्या डिकीत मावेना, म्हणून त्यानं ते तिथंच फेकलं आणि मला खांद्यावर टाकून घरी नेलं.

महादेवी त्याची थोरली बहीण. तो तिला अक्का म्हणायचा. ती चिंचोळीच्या एमआयडीसीत टॉवेल तपासायची, आठ तास उभी राहून. वजन ब्याण्णव किलो, गुडघे सुजलेले. मुकादमानं सांगितलं होतं, जिला उभं राहता येत नाही तिनं जूनपासून येऊ नये. डॉक्टर म्हणाले होते, सकाळी सावकाश चाला, सहा महिन्यांत फरक पडेल. सहा महिने तिला कोण देणार होतं?

दोन दिवस चालली, तिसऱ्या दिवशी झोपून राहिली.

"मनच होईना बे," ती गुरुशांतला म्हणाली. "कुणीतरी मागं लागलं तर होईल."

आठवण करून द्यायला कुणी हवं, एवढंच तिचं म्हणणं. हा दुसऱ्या दिवशी मला तिच्या कमरेला आवळून, गाडी घेऊन खरोखर तिच्या मागं लागला. ती पळायची, हा हॉर्न वाजवायचा. गल्ली हसायची. तीही हसायची.

"बास की बे, मी काय म्हैस हाय?"

"म्हैस ऐकती तरी."

पळून आली की काटा किलोभर कमी दाखवायचा. ते नुसतं पाणी होतं. मला कळत होतं, पण पट्ट्याला कोण विचारतं? आकडा बघून दोघांना हुरूप आला. मग यानं तिचं पाणी तोडलं. "प्यालीस की भरलं परत, अक्का," म्हणायचा.

मे महिन्यातला रविवार. निघायलाच दहा वाजले. माझ्यावरून यानं तिला स्वेटर घालायला लावला. विजापूर रस्त्यावर डांबर मऊ झालं होतं. रोज मी आतून चिंब भिजायचो. त्या दिवशी अर्ध्या वाटेत मी कोरडा पडलो. तिचं अंग तव्यासारखं तापलं होतं आणि घामाचा थेंब नव्हता.

"डोकं फिरायलंय बे. पाणी दे."

"त्या खांबापर्यंत चल, मग देतो."

त्यानं हॉर्न दाबला. ती खांबापर्यंत पोचली नाही.

"नाटक करू नको, अक्का," असं म्हणत तो गाडीवरून उतरला. सावकाश उतरला. ते मी विसरणार नाही.

दवाखान्यात नर्सनं मला ओढून काढलं आणि तिच्या बांगड्यांबरोबर पिशवीत घालून त्याच्या हातात दिलं. महादेवी घरी परत आली नाही.

पंधरा दिवसांनी शेजारच्या अक्कम्मा महादेवीच्या आईला भेटायला आल्या. रडल्या, चहा घेतला. उठताना म्हणाल्या, "शेवटी लई बारीक झालती की महादेवी. त्यो पट्टा हाय का? आमच्या सुनेला दिला असता."

गुरुशांतनं कात्री आणली आणि त्यांच्यासमोरच माझे तुकडे केले.

"डोकं फिरलंय पोराचं," अक्कम्मा म्हणाल्या. आणि जाता जाता त्याच्या आईला दुकानाचा पत्ता विचारला.

आता मी न्हाणीमागं पडलोय. माझ्यासारखे पुष्कळ त्या दुकानात टांगलेले आहेत. अक्कम्मा, तिथं जाऊ नका. सुनेला सावलीत बसवा, तांब्याभर पाणी द्या. ती जाड आहे, पण आहे.