कानस लागलेला नादकाटा

मित्रांनो, क्षणभर अशी कल्पना करा, की तुम्हाला जन्मभर एकच आवाज काढता येतो. आनंद झाला तरी तोच, दुःख झालं तरी तोच. आणि मग एके दिवशी तोही तुमच्याकडून काढून घेतला, तर? करून बघा कल्पना. मी तोवर थांबतो. थांबण्याची मला सवय आहे.

मी एक जुना नादकाटा आहे. पोलादाचा, दोन बोटं वर करून उभा राहिल्यासारखा. खाली एक लहानशी दांडी, तिच्या टोकाला गोळी. मला गुडघ्यावर आपटलं, की माझी दोन्ही बोटं थरथरतात आणि एक बारीक, स्वच्छ स्वर निघतो. तेवढंच माझं काम. गाणाऱ्याने आणि वाजवणाऱ्याने आपला स्वर माझ्या स्वराशी जुळवून घ्यायचा. मी कुणाशी जुळवून घेत नसे.

एका तळघरातल्या कारखान्यात माझा जन्म झाला. तिथल्या कारागिराने मला भट्टीत लाल केलं, वाकवलं, गार केलं आणि मग दिवसभर कानशीने घासत बसला. मला आठवतं, तो घासायचा, आपटायचा, कानाशी धरायचा आणि पुटपुटायचा, "अजून नाही रे बाबा, अजून नाही." शेवटी एकदा त्याचा चेहरा उजळला. त्याने कानस खाली ठेवली आणि माझ्या दांडीवर एक बारीक खूण ठोकली. त्या खुणेचा अर्थ असा, की हा आता खरा आहे, याला पुन्हा कुणी कानस लावायची नाही.

मला विकत घेतलं ते एका तरुण विद्यार्थ्याने. पुढे तो संगीत विद्यालयात शिक्षक झाला. गाणं शिकवणारे तिथे बरेच होते. आमचे सर गाण्यामागचं शास्त्र शिकवत. दोन स्वर जवळ आले की गोड का वाटतात, भांडतात का, एका स्वराला दुसऱ्याकडे जावंसं का वाटतं, हे सगळं. कोटाच्या वरच्या खिशात मी कायम डोकावत असे, म्हणून मुलांनी त्यांचं नाव ठेवलं काटेसर. सरांना ते ठाऊक होतं. एकदा फळ्यावर कुणीतरी तसं लिहून ठेवलं, तेव्हा त्यांनी फक्त अक्षर सुधारायला सांगितलं.

सरांचा कान विलक्षण होता. दाराची करकर, किटलीची शिट्टी, रस्त्यावरच्या सायकलची घंटी, सगळ्यांचे स्वर ते ओळखून सांगत. त्यांची बायको वैतागून म्हणे, "अहो, किटली कुठल्या स्वरात बोलतेय ते राहू द्या. आधी ती उतरवा!" सरांनी स्वरांवर एक जाडजूड पुस्तकही लिहिलं. जाणकारांनी वाखाणलं, पण खपलं मात्र बेताचंच. उरलेल्या प्रतींपैकी एक बायकोने डगमगत्या टेबलाच्या पायाखाली सारली आणि म्हणाली, "बघा, तुमच्या शास्त्राने घराला आधार दिला." सर मनापासून हसले. ते पुस्तक शेवटपर्यंत तिथेच राहिलं.

दर वर्षी पहिल्या तासाला आमचा एक खेळ असे. नवी मुलं भेदरून बसलेली असत. सर काहीही न बोलता डोळे मिटून एक स्वर गात. मग मला खिशातून काढत, गुडघ्यावर आपटत आणि दांडी टेबलावर टेकवत. सगळं टेबल गुणगुणू लागे, अगदी त्याच स्वरात! आधी सर, मग मी. मुलं टाळ्या वाजवत. एखादं फारच घाबरलेलं मूल असलं, तर सर त्याला कानात बोट घालायला लावत आणि माझी दांडी त्याच्या कोपराच्या हाडावर टेकवत. माझा स्वर हाडातून चढत त्याच्या कानात पोचे. मुलाचे डोळे विस्फारत. "ऐकलंस? आता तो तुझ्या आत आहे. आता कुणाला भ्यायचं?" सर म्हणत.

शिकवताना मात्र ते कडक होते. पियानो शिकणाऱ्या मुलांना एक धडा नकोसा वाटे. बसवलेली चाल सर अचानक एक पट्टी खाली वाजवायला लावत. मग एक पट्टी वर. बोटांना सवय झालेली असे पांढऱ्या पट्ट्यांची, आणि आता सगळा मामला काळ्या पट्ट्यांवर. एक मुलगी तर दर वेळी रडायची. सरांनी तिचं नावच रडूबाई ठेवलं होतं.

"सर, पण हे शिकायचं कशाला?" एकदा ती नाक पुसत म्हणाली. "कागदावर लिहिलंय तसं वाजवलं की झालं ना?"

"गाणारा माणूस आहे, रडूबाई. त्याचा गळा बसतो, तो म्हातारा होतो, घाबरतो. तो खाली गेला तर आपणही त्याच्याबरोबर खाली जायचं. त्याला एकटं सोडायचं नाही. चल, डोळे पूस आणि पुन्हा वाजव."

अशी वर्षं गेली. रडूबाई मोठी झाली, त्याच विद्यालयात पियानो शिकवू लागली. सरांची बायको वारली. लेक आणि नात घरी राहायला आल्या. नात सारखी गिरक्या घेत फिरायची, म्हणून सर तिला भिंगरी म्हणत. विद्यालयाच्या बालवर्गात तीही गायला लागली होती.

मग एका वर्षी पहिल्या तासाला सरांनी डोळे मिटून स्वर गायला, मला आपटलं, टेबलावर टेकवलं, आणि आमचे स्वर जुळले नाहीत.

सरांचा स्वर माझ्याहून खाली होता. मागच्या बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं. सरांनी मला पुन्हा आपटलं. मी माझा स्वर दिला, दुसरा मला येतच नव्हता.

"काटा चढलाय," सर हळूच म्हणाले. "कुठेतरी पडला असणार."

मी पडलो नव्हतो, मित्रांनो. वय झालं की डोळ्यांसारखा कानही थकतो, आणि काही थोड्या माणसांचा कान अशा विचित्र रीतीने थकतो, की सगळं जग त्यांना थोडं चढलेलं ऐकू येतं. ज्याचा कान मुळातच साधा, त्याला त्याचा पत्ताही लागत नाही. ज्याने जन्मभर आपल्या कानाच्या भरवशावर शिकवलं, त्याच्यावर मात्र आभाळ कोसळतं. सरांना किटली चढलेली वाटू लागली, दार चढलेलं वाटू लागलं. घरचा पियानोही. "लाकूड फुगलंय," ते म्हणत. आपला कान उतरला असेल, हे सोडून त्यांनी सगळ्याचा विचार केला.

एका रविवारी दुपारी त्यांनी मला शेगड्याच्या लोखंडी जबड्यात आवळलं आणि कानस घेतली.

माझ्या दोन बोटांच्या बेचक्यात ती कानस फिरू लागली. तिथे घासलं की नादकाट्याचा स्वर उतरतो. भिंगरी जवळ स्टुलावर बसून बघत होती. पोलादाचा भुगा कागदावर पडत होता.

"आजोबा, त्याला दुखत नसेल?"

"खरं व्हायचं म्हणजे थोडं दुखतंच, भिंगरी."

मला ओरडावंसं वाटलं, की सर, मी खराच आहे, खूण बघा! पण माझ्याकडे एकच आवाज होता आणि तोच घासला जात होता. ते घासत, आपटत, कानाशी धरत. "अजून नाही," म्हणत. अगदी त्या कारागिरासारखं. पुढचेही काही रविवार असेच गेले. शेवटी त्यांचा चेहरा उजळला. ते गायले, मला आपटलं, आम्ही जुळलो. ते इतके खूश झाले, की भिंगरीला उचलून घेतलं.

ते आत गेल्यावर भिंगरीने मला पियानोजवळ नेलं. मला आपटलं आणि माझ्या जुन्या स्वराची पांढरी पट्टी दाबली. जुळेना. बाजूची काळी पट्टी दाबली, तेव्हा जुळलं. ती धावत आईकडे गेली.

"आई, आजोबांनी काटा बिघडवला!"

आईने तिला जवळ घेतलं. मग म्हणाली, "या वर्षी ते निवृत्त होतायत, बाळा. एकच कार्यक्रम उरलाय. तेवढा पार पडू दे. काही बोलू नकोस त्यांना."

त्या निरोपाच्या कार्यक्रमात बालवर्ग गाणार होता. पहिलं कडवं नुसत्या गळ्यावर, दुसऱ्या कडव्याला पियानो. पियानोवर रडूबाई, सगळं पांढऱ्या पट्ट्यांवर. पहिली ओळ भिंगरीने एकटीने उचलायची होती. तालमीला स्वर रडूबाईच देत असे, त्यामुळे सगळं सुरळीत चाललं होतं. पण कार्यक्रमाच्या दिवशी सर पुढे झाले.

"आज स्वर मी देणार," ते म्हणाले. "शेवटचाच आहे."

सभागृह गच्च भरलं होतं. त्यांचे जुने विद्यार्थी, काही तर डोक्याचे केस पांढरे झालेले, पहिल्या रांगांत बसले होते. सरांनी डोळे मिटून स्वर गायला. मला आपटलं. जुळलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणाला काही कळलं नाही. कळलं ते तिघांनाच. मला, भिंगरीला आणि पियानोवरच्या रडूबाईला.

मी सरांच्या हातात होतो. मला भिंगरीचा चेहरा दिसत होता. तिला तालमीतला स्वर पाठ होता. तिने तो उचलला असता, तर गाणं वाचलं असतं आणि भर सभेत आजोबा खोटे पडले असते. तिने आजोबांचा स्वर घेतला, तर पियानो सुरू होताच सगळा चुथडा होणार होता. तिने एकदा रडूबाईकडे बघितलं, एकदा आजोबांकडे. सर तिच्याकडे बघून हसत होते.

तिने आजोबांचा स्वर उचलला.

मुलं तिच्यामागे गाऊ लागली. कडवं संपत आलं. रडूबाईने हात उचलले. आता होणार, असं मला वाटलं. माझ्यात डोळे मिटायची सोय नाही.

पियानो वाजला, आणि जुळला! मुलं गातच राहिली. सभागृह डोलू लागलं. सरही डोलत होते. डोलता डोलता त्यांची नजर रडूबाईच्या हातांवर गेली.

तिची बोटं काळ्या पट्ट्यांवर होती.

जे त्यांच्या कानांनी इतके महिने सांगितलं नाही, ते डोळ्यांनी त्या एका क्षणात सांगितलं. मात्र त्यांनी गाणं शेवटपर्यंत ऐकलं, मुलांना वाकून दाद दिली, लोकांनी हार घातला, तोही घालून घेतला.

गर्दी पांगल्यावर ते पियानोजवळ गेले.

"काळ्या पट्ट्या," ते म्हणाले.

"सवय तुम्हीच लावलीत, सर."

"रडली नाहीस?"

"आता रडणार आहे," ती म्हणाली, आणि खरंच रडली.

घरी जाताना त्यांनी भिंगरीचा हात धरला होता. "तुला माहीत होतं?"

"हो."

"मग खरा स्वर का नाही घेतलास?"

"तुम्ही दिला होता ना स्वर," भिंगरी म्हणाली.

त्या दिवसापासून मी टेबलाच्या खणात आहे. गंजलेल्या किल्ल्या, संपलेली पेनं, तुटका चष्मा, हे माझे सोबती. मी कुणाच्याच कामाचा नाही. माझ्यावर विसंबून कुणी तार लावली, तर ती चुकेल. दांडीवरची खूण अजून तशीच आहे, पण ती आता खरं बोलत नाही. याहून मोठं दुःख म्हणजे बाहेरची शांतता. सर खुर्चीत बसून असतात. ते गात नाहीत, गाणं लावू देत नाहीत. किटली शिट्टी मारते, आणि तिचा स्वर कोणता ते कुणी सांगत नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणाचे कान, कुणाचे गुडघे, कुणाची आठवण अशी उतरत असेल. त्यांची चूक दाखवून देणं सोपं असतं, आणि गप्प राहून त्यांना खणात सारणं त्याहून सोपं. मला वाटतं, त्यांच्याबरोबर एक पट्टी खाली जायला शिका. मला कारागिराने खरं केलं आणि सरांनी खोटं केलं, असं तुम्ही म्हणाल. पण आज सरांच्या कानाला खरा वाटेल असा स्वर देणारी वस्तू या जगात एकच आहे, आणि ती मी आहे.

हे सगळं मी खणातल्या अंधारात मनाशी घोकत होतो, तेवढ्यात खण उघडला. किल्ल्या बाजूला सरल्या. भिंगरीने मला फ्रॉकला पुसलं आणि खुर्चीपाशी नेलं.

"ठेव तो," सर तोंड फिरवून म्हणाले. "तो बिघडलाय."

तिने आजोबांचा हात उचलला आणि त्यांचं बोट त्यांच्याच कानात घातलं. मला आपल्या गुडघ्यावर आपटलं. माझी दांडी त्यांच्या कोपराच्या हाडावर टेकवली. एरवी आधी सर गात आणि मग मी. तिने या वेळी क्रम उलटा केला, आणि त्यांच्या तोंडाकडे बघत थांबून राहिली.