टेसा बर्टविसल : यशस्वी

इंग्लंडात लँकाशरमधल्या एका कॉलेजात क्लिफ ऑर्मरॉड गवंडीकाम शिकवायचा. सिमेंट त्याच्या वर्गात वर्ज्य. चुना आणि वाळू, बस्स! भिंत उभी राहायची, तिला गुण मिळायचे, आणि दुपारी तीच पोरं ती पाडून विटा खरवडून रचून ठेवायची. तीस वर्षांत वर्गातली एकही भिंत टिकली नव्हती. माणसं टिकली की झालं, असं क्लिफ ऐटीत सांगायचा.

टेसा बर्टविसलचा हात सगळ्यांत सरस. दोन वर्षं ती एका कंत्राटदाराकडे उमेदवारी करत कॉलेजात शिकली. शेवटच्या परीक्षेला नऊ दिवस उरले असताना त्याचं काम आटलं आणि त्याने तिला घरी बसवलं. परीक्षेला बसायचं तर कुणाकडे तरी गवंडीकामाला असलंच पाहिजे, हा नियम. मग टेसा सँडविचच्या कारखान्यात पाळी करायची आणि उरलेल्या वेळात बांधकामं पालथी घालायची.

"शुक्रवारपर्यंत थांबा, क्लिफ, माझं नाव काढू नका. कुणीतरी घेईलच."

"थांबतो की! जा तू."

बुधवारीच विभागप्रमुख हॅल्स्टेडबाई कागद घेऊन आल्या.

"टेसाच्या नावापुढे 'अर्धवट सोडलं' लिहिलं तर आपला यशाचा आकडा घसरतो. 'नोकरीला लागली' लिही. कारखान्यात आहे ना ती? मग खोटं काय त्यात?"

"शुक्रवारपर्यंत थांबू या ना, बाई."

"अहवाल आज जायचाय. आकडा घसरला तर तुझा वर्गच बंद होईल. मग बस घरी वाळू चाळत!"

क्लिफने सही केली. एवढ्यात तिला कोण घेतंय, अशी त्याने मनाची समजूत घातली.

शुक्रवारी सकाळी टेसा धापा टाकत आली. हातात पत्र.

"मिळालं! पॅडिहम गावचा एक म्हातारा कंत्राटदार. म्हणाला, नखं तुटतील हं पोरी. म्हटलं, तुम्ही तुमची कवळी सांभाळा! हसत हसत घेतलं की मला."

क्लिफचा चेहरा उतरला. त्याने हॅल्स्टेडबाईंना फोन लावला, गयावया केली. बंद झालेली नोंद उघडता येत नाही, हवं तर पहिल्या वर्षापासून नाव घाला, असं म्हणून बाईंनी फोन ठेवला.

टेसाने संगणकाच्या पडद्यावर आपली नोंद वाचली. शिक्षण बंद. नोकरीला लागली. निकाल : यशस्वी.

"सही तुमची आहे?"

"हो."

"शुक्रवार म्हणाला होतात."

क्लिफला स्वतःची शरम वाटली. तरी तोंडातून निघालं ते भलतंच. "वर्ग वाचवायचा होता गं. तुझ्यामागून येणाऱ्या पोरांनी शिकायला नको का?"

"शिकतील की. माझ्याइतकंच शिकतील."

तिने पत्राची घडी करून खिशात कोंबली.

"आता काय करशील, टेसा?"

"दोनची पाळी आहे. निघते. यशस्वी माणसाने उशिरा जाऊन कसं चालेल?"