येडा पंख

लेकीनं, अनुराधानं, पुण्याहून पाठवलेला खोका उघडला आणि कलगोंडाण्णांच्या तोंडून "आगागागा!" निघून गेलं. टिळकवाडीतल्या त्या फ्लॅटात ऐकायला चिटपाखरू नव्हतं, तरी निघालं. खोक्यावर तेच चित्र! काळंभोर आकाश, लाल ग्रह आणि त्यावरून झेपावणारं पांढरं यान, 'कॉस्मो हेरॉन'. कुठल्याशा परदेशी सिनेमातलं म्हणे. तो सिनेमा अण्णांनी तेव्हाही पाहिला नव्हता आणि आजही पाहिलेला नाही. पण निपाणीच्या घरात, मुंबईच्या गोदीत कामाला असलेल्या मामानं आणलेलं ते प्लॅस्टिकचं यान त्यांनी आणि धाकट्या श्रेयांसनं एका उन्हाळ्यात जोडलं होतं. त्यानंतर उभ्या आयुष्यात इतकं मन लावून त्यांनी काहीच केलं नाही, बँकेची नोकरीसुद्धा नाही.

कंपनीनं आता ते पुन्हा बाजारात आणलंय, जुन्याच साच्यातून. जुन्याच म्हणजे किती जुन्या, ते खोका उघडल्यावर कळतं. साचा पार झिजलेला. प्रत्येक तुकड्याच्या कडेला डोशाच्या कडेसारखा प्लॅस्टिकचा पापुद्रा सुटलेला. तो ब्लेडनं खरवडा, वर पॉलिशपेपर घासा, जोडून बघा, आणि मग कपाळाला हात लावा! यानाच्या पोटाचे दोन अर्धे एकमेकांना भिडायलाच तयार नाहीत. नाकाशी जुळवलं की शेपटीकडं फट पडते. शेपटी दाबली की नाक आ वासतं. काच अशी धुरकट की आतला वैमानिक मोतीबिंदूचा पेशंट वाटावा. अण्णांची बोटंही आता पूर्वीसारखी राहिली नव्हती. एक एवढासा अँटेना चिमट्यातून उडाला तो सोफ्याखाली गेला, आणि तो शोधायला गुडघे टेकलेल्या अण्णांना उठताना नाकी नऊ आले.

"ह्या कंपनीच्या आयला!" ते म्हणाले, आणि बायको, राजमती, असती तर "जिभेला हाड हाय का तुमच्या?" म्हणून ओरडली असती हे आठवून गप्प बसले. राजमती गेल्यापासून त्यांना कुणी ओरडलंच नव्हतं. शेजारचे लोक भेटले की "नमस्कार काका" म्हणत आणि लिफ्टचं दार लावून घेत.

पण खरी गंमत होती पंखांची. श्रेयांस लहानपणी चिकोडीला आजोळी राहायचा, तिथल्या कन्नड शाळेत जायचा आणि सुट्टीला तेवढा निपाणीला यायचा. कन्नडमध्ये डाव्याला 'येडा' म्हणतात. अण्णा पक्के मराठी शाळेतले. पंखाला गोंद लावून ते बसवायला गेले आणि श्रेयांस ओरडला, "येडा! येडा!" तो बिचारा सांगत होता की हा पंख डाव्या बाजूचा आहे. अण्णांना वाटलं, आपल्याला येडा म्हणतोय. दिली एक ठेवून! झोंबाझोंबी झाली आणि ती संपेपर्यंत डावा पंख उजवीकडं उलटा चिकटून बसला होता. आईनं ते यान तसंच कपाटावर ठेवलं. आल्यागेल्याला सांगायची, "आमचं येडं इमान."

आई गेली. ते इमान घराच्या कुठल्याशा रंगकामात गेलं. आता त्या दुपारचा साक्षीदार जगात एकच उरला होता, आणि तो निपाणीत तंबाखूच्या वखारीवर बसून दिवाळीला फोन करायचा. त्यानं एकदा ते ऐकून "व्हय की रं अण्णा!" म्हणावं, अण्णांना बाकी काहीही नको होतं. नाहीतर ती दुपार खरंच झाली होती हे कुणाच्या भरवशावर म्हणायचं?

त्यांनी फोन लावला.

"श्रेयांस, जरा येऊन जा की रं. एक जोडकाम हाय. एकट्यानं हुईना. दोघं लागत्यात."

"सीझन हाय अण्णा," श्रेयांस म्हणाला. मग म्हणाला, "बरं, रविवारी येतो."

दोघं लागतात हे साफ खोटं होतं. दोन रबरबँड लावले की भागतं.

रविवारी श्रेयांस आला तो थकलेला, पोट सुटलेला, कानाला मोबाईल लावलेला. जैन रिवाजानं दिवस बुडायच्या आत जेवून घेतो म्हणाला म्हणून अण्णांनी आधी वाढलं. भात थोडा लागला होता. श्रेयांसनं ताट साफ केलं. हात धुऊन तो टेबलाशी आला, चष्मा वर सरकवला आणि यानाकडं बघत राहिला.

"हे व्हय जोडकाम? मला वाटलं, कपाटबिपाट असंल."

"वळखलंस का?"

"न्हाय बा. काय हाय हे?"

अण्णांनी मग सगळं सांगितलं. मामा, गोंदाची नळी, येडा, चापट, उलटा पंख. सांगताना हात नाचवले, आईचा आवाज काढला. श्रेयांस हसला. हसायच्या जागी बरोबर हसला, पण शेजाऱ्याची गोष्ट ऐकून हसावं तसा.

"खरं सांगू अण्णा? मला ह्यातलं काय बी आठवत न्हाय," तो म्हणाला. "त्या सुट्टीतलं एकच डोक्यात हाय. मला परत चिकोडीला सोडायला आप्पा निघालते. मी न्हाय जायचं म्हणून उंबऱ्यात लोळून रडलतो. आणि तू आतल्या खोलीत कायतरी रंगवत बसलतास. मी लई हाका मारल्या. तू भाईर आलाच न्हाईस."

अण्णांनी आठवायचा प्रयत्न केला. पांढरा रंग आठवला. ब्रश आठवला. हाका काही केल्या आठवेनात. इतकी वर्षं आपण जी दुपार उराशी धरून बसलो, तिच्या दाराबाहेर हा पोरगा एकटाच रडत होता! माफी मागावी म्हटलं, तर साठी उलटलेल्या माणसानं कुठल्या तोंडानं आणि कुठून सुरुवात करायची?

"जाऊ दे की," श्रेयांस म्हणाला. "ल्हान हुतो आपण. आण, काय धरायचं ते दे."

अण्णांनी सांध्यात गोंद भरला, पंख बसवला. श्रेयांसनं तो दोन्ही हातांनी धरला. तंबाखूनं पिवळी पडलेली जाड बोटं, पण कशी अलगद धरली होती त्यानं! खिशात त्याचा फोन वाजायला लागला.

"रूपाली असंल. घे जरा, मला हात सोडता येईना."

अण्णांनी त्याच्या खिशातून फोन काढला आणि धाकट्या भावजयीचा मान ठेवून नीट बोलले, "व्हय, जेवला. निघंल आता." फोन टेबलावर ठेवला. खाली रस्त्यावर कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं. दहा-पंधरा मिनिटं गेली, श्रेयांस पंख धरूनच होता.

"सोडू काय रं अण्णा?"

अण्णांनी नखानं सांधा दाबून पाहिला. दगडासारखा घट्ट झाला होता.

"नको," ते म्हणाले. "ओलं हाय अजून."

श्रेयांसनं सांध्याकडं पाहिलं, मग अण्णांच्या तोंडाकडं पाहिलं. पायानंच खुर्ची जवळ ओढून तो टेकला, आणि पंख तसाच धरून बसला.